एक किलो मक्याचा सहा किलो चारा होतो, मग वरचे पाच किलो येतात कुठून?

उन्हाळ्याची चाहूल लागली की दूध उत्पादकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक रील हमखास फिरायला लागतं. हिरव्या शेडनेटची खोली, आत लोखंडी रॅक, रॅकवर प्लॅस्टिकचे ट्रे आणि ट्रेमधून सतरंजी उचलावी तसा मुळांसकट उचललेला मक्याचा हिरवागार चारा. मातीचा कण नाही. मागून आवाज येतो, "एक किलो मका टाका, सात दिवसांत दहा किलो चारा काढा. जमीन नको, पाणी नको, टेन्शन नको." आणि खाली मशीनवाल्याचा फोन नंबर.

शिरूर किंवा दौंड तालुक्यातल्या माणसाचा अंगठा या रीलवर थांबला तर त्यात नवल नाही. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी राज्य सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्या यादीत हे दोन्ही तालुके होते. बरोबर पाच वर्षांनी, ३१ ऑक्टोबर २०२३ ला ४० तालुक्यांची यादी आली. त्यातही दोघांची नावं होती.

आता कुणी म्हणेल, दौंड तर उसाचा तालुका. खरं आहे. भीमा आणि मुळा-मुठेच्या काठाने गेलात तर उसाचे फड आणि गुऱ्हाळांचा धूर दिसतो. शिरूरलाही घोड आहे, भीमा आहे, चासकमानचा कालवा आहे. पण कालव्याचं पाणी जिथं चढत नाही तिथलं चित्र वेगळं. शिरूरमध्ये पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाईचा भाग आणि दौंडच्या दक्षिणेचा जिरायती पट्टा, जो जनाई-शिरसाई योजनेच्या आवर्तनाकडे डोळे लावून बसतो. या गावांत ज्वारी-बाजरी पावसावर आणि घर दुधावर चालतं. दर दहा दिवसांनी येणारा दुधाचा पगार म्हणजे किराणा, शाळेची फी आणि दवाखाना. चारा संपला की दावणीची गाय विकावी लागते, आणि दुष्काळात सगळेच विकायला काढतात म्हणून तिला भावही येत नाही. अशा वेळी पन्नास हजार ते काही लाखांचं मशीन घ्यायचं की नाही, हा प्रश्न साधा राहत नाही.

म्हणून हे तंत्र नेमकं काय करतं आणि काय करत नाही, ते बघू.

मातीशिवाय रोप वाढतंच कसं?

मुळात झाड माती खात नाही. बेल्जियममधल्या यान व्हान हेल्माँट या संशोधकाने सतराव्या शतकात एका कुंडीत मोजून माती भरली, त्यात विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाडाचं वजन सव्वादोन किलोवरून ७५ किलोच्या पुढे गेलं. माती कमी झाली होती जेमतेम ५७ ग्रॅम. त्याने निष्कर्ष काढला की झाड पाण्यापासून बनतं. तो अर्धवट चुकला, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड त्याच्या हिशेबात नव्हता. पण मातीबद्दल तो बरोबर होता. झाडाचा जवळजवळ सगळा ऐवज पाणी आणि हवेतून येतो, माती पुरवते ती आधार आणि चिमूटभर क्षार.

ते क्षार कोणते, हे जर्मनीत १८६०च्या सुमारास युलियस फॉन झाक्स आणि विल्हेल्म क्नॉप यांनी शोधलं. नत्र, स्फुरद, पालाश, कॅल्शियम, मॅग्नेशियम, गंधक, थोडं लोह. हे पाण्यात विरघळवून दिलं तर मुळांना मातीची गरज उरत नाही. पुढे अमेरिकेत बर्कलीच्या विल्यम गेरिके यांनी पाण्याच्या हौदांवर टोमॅटोचे इतके उंच वेल वाढवले की फळं काढायला शिडी लागे. १९३७ मध्ये त्यांनी या पद्धतीला 'हायड्रोपोनिक्स' हे नाव दिलं. ग्रीक भाषेत हायड्रो म्हणजे पाणी आणि पोनोस म्हणजे कष्ट. जाहिरातीत पाणी दिसतं, कष्ट दिसत नाहीत.

तेव्हाही चमत्काराच्या बातम्या इतक्या सुटल्या की त्याच विद्यापीठातल्या होगलंड आणि आर्नन यांनी १९३८ मध्ये एक पत्रक काढून लोकांना जमिनीवर आणलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की चांगल्या मातीत आणि चांगल्या पाण्यात पीक साधारण सारखंच येतं, पाण्यात जादू नाही. भारतातही हे तंत्र काल आलेलं नाही. शोल्टो डग्लस यांनी १९४६ मध्ये कालिम्पाँगला प्रयोग सुरू केले आणि १९५१ मध्ये 'बेंगॉल सिस्टिम' नावाने त्यावर पुस्तकही काढलं.

मध्येच एक खुलासा. हायड्रोपोनिक हा शब्द बऱ्याच लोकांनी मुंबई विमानतळावर पकडलेल्या 'हायड्रोपोनिक गांजा'च्या बातम्यांत पहिल्यांदा ऐकलाय. त्यामुळे गावात कुणी ट्रे मांडले की शेजारी डोळे बारीक करतात. गुन्हा त्या झाडाचा आहे, पद्धतीचा नाही. बंदिस्त खोलीत पाण्यावर मका, कोथिंबीर किंवा लेट्यूस लावायला कसलीही आडकाठी नाही.

ट्रेमध्ये खरं काय घडतं?

आता चाऱ्याकडे येऊ. मका स्वच्छ धुवायचा, रात्रभर भिजवायचा, गोणपाटात बांधून मोड आणायचे आणि मग ट्रेमध्ये पसरायचा. दिवसातून अनेकदा फॉगरने किंवा पंपाने पाणी मारायचं. सातव्या-आठव्या दिवशी वीत-दीड वीत उंचीचा चारा तयार. मुळं एकमेकांत इतकी गुंततात की अख्खा ट्रे एका तुकड्यात निघतो. गाय मुळं, पाला, उरलेलं बी असं सगळं खाते.

लक्षात घ्या, यात बहुतेक जण साधं पाणी देतात, खताचं द्रावण नाही. म्हणजे ही सगळी भानगड तुमच्या स्वयंपाकघरात नेहमी होते. वाटीभर मटकी भिजवली, फडक्यात बांधली की दुसऱ्या दिवशी अडीच-तीन वाट्या मोड निघतात. उसळ चौघांना पुरते. पण म्हणून घरात मटकी वाढली असं कुठलीच आई म्हणत नाही. वाढलं ते पाणी.

मक्याचंही तेच. साठवणीच्या मक्यात साधारण १२ टक्के ओलावा असतो. म्हणजे एक किलो मक्यात ८८० ग्रॅम सुका ऐवज, ज्याला पशुवैद्यक शुष्क पदार्थ म्हणतात. चांगलं जमलं तर त्याचा साधारण सहा किलो चारा होतो. (रीलमधले दहा किलो बहुतेक वेळा ट्रे निथळू न देता केलेल्या वजनाचे असतात.) या चाऱ्यात ८६-८७ टक्के पाणी असतं. सहा किलोतून पाणी वजा केलं की हातात उरतात जवळपास ७८० ग्रॅम. एक किलो मका दिला होता तेव्हा ८८० होते. शंभरेक ग्रॅम गेले कुठं?

रोपाने खाल्ले. बी म्हणजे रोपाची शिदोरी. पहिले सात-आठ दिवस कोंब स्वतःचं अन्न फारसं बनवत नाही, बियातला स्टार्च जाळून वाढतो. श्वासावाटे तो कार्बन हवेत जातो. पालं हिरवं दिसतं, पण शेडनेटच्या सावलीत एका आठवड्यात ते इतकी कमाई करू शकत नाही की गेलेला ऐवज भरून निघेल. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

मशीन विकणारे इथं प्रथिनांचा आकडा पुढे करतात. मक्यापेक्षा चाऱ्यात प्रथिनांची टक्केवारी जास्त. आकडा चुकीचा नाही, पण स्टार्च जळून गेल्यामुळे उरलेल्या ऐवजात प्रथिनांचा वाटा मोठा दिसतो. एकूण प्रथिनं होती तेवढीच, कारण साध्या पाण्यातून नत्र येत नाही.

गाईच्या पोटाचा हिशेब

चारशे किलोच्या दुभत्या संकरित गाईला दिवसाला वजनाच्या साधारण ३ टक्के, म्हणजे १२ किलो शुष्क पदार्थ लागतो. १३ टक्के ऐवज असलेल्या या चाऱ्यावर तिला पूर्ण जगवायचं ठरवलं तर रोज नव्वद किलोच्या वर चारा लागेल. ते गाईलाही शक्य नाही आणि मालकालाही नाही. व्यवहारात एका गाईला दिवसाला आठ-दहा किलो दिला जातो, त्यातून मिळतात सव्वा किलोच्या आसपास. उरलेली जवळपास अकरा किलोची भूक कडबा, मुरघास आणि पेंडीनेच भागवायची.

खर्चाचं गणित स्वतः करून बघा. २०२५-२६ साठी मक्याचा हमीभाव क्विंटलला २४०० रुपये आहे, म्हणजे किलोला २४. मका भरडून थेट दिला तर शुष्क पदार्थाचा किलो पडतो २७ रुपयांना. तोच मका ट्रेमध्ये उगवून दिला तर नुसत्या बियाण्याचे ३१ रुपये होतात. त्यावर वीज, पाणी, मजुरी आणि मशीनचा हप्ता. मुरघास समजा सहा रुपये किलोने मिळाला आणि त्यात ३० टक्के ऐवज असला, तर तोच किलो २० रुपयांना पडतो. बाजारभाव रोज बदलतात, पण दर कुठलाही घाला, भागाकार हाच राहतो. चाऱ्याचा भाव ओल्या किलोवर विचारायचा नाही, सुक्या किलोवर विचारायचा.

मग हा सगळा फसवणुकीचाच मामला आहे का? तसंही नाही.

गोव्याचं उदाहरण घ्या. तिथं चाऱ्याला जमीनच अपुरी. गेल्या दशकाच्या सुरुवातीला राष्ट्रीय कृषी विकास योजनेतून फोंड्याजवळच्या कुर्टी इथं गोवा डेअरीत हायड्रोपोनिक चाऱ्याचं युनिट उभं राहिलं आणि जुन्या गोव्यातल्या भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या केंद्राने त्यावर चाचण्या घेतल्या. गाईंच्या आहारात हा चारा मिसळल्यावर एकूण खाद्याचं पचन सुधारलं आणि दुधातही थोडी वाढ नोंदली गेली. त्याच चाचण्यांत हेही दिसलं की महागड्या मशीनऐवजी बांबू-शेडनेटच्या साध्या खोलीतही हा चारा होतो आणि खर्चातला सगळ्यात मोठा वाटा बियाण्याचा असतो.

दुष्काळातल्या दावणीला हे कळतं. दौंडच्या पट्ट्यात हंगामात गाईंपुढे काय पडतं? उसाचं वाढं. त्यात ऑक्झलेट असतं, ते शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं, म्हणून नुसत्या वाढ्यावरच्या गाई कालांतराने आटतात, गाभण राहत नाहीत. उन्हाळाभर वाढं आणि वाळका कडबा चघळणाऱ्या गाईला रोज पाच-सात किलो कोवळं हिरवं मिळालं तर तिचं तोंड सुटतं, वैरण जास्त खाल्ली जाते. ज्याच्याकडे गुंठाभर जमीन नाही पण दोन गाई, चार शेळ्या आहेत, त्यालाही याचा उपयोग आहे. भाजीवाल्याकडून कोथिंबीर घेतो तसा हा चारा, ताटातली भाकरी तो नव्हे.

पाण्याचंही असंच. एक किलो चाऱ्याला दीड ते तीन लिटर पाणी पुरतं, म्हणजे दहा किलोला पंधरा ते तीस लिटर. उन्हाळ्यात दुभती गाय याच्या कितीतरी पट पाणी नुसतं पिते. हा फायदा खरा आहे. फक्त तो मका ज्या शेतात पिकला तिथलं पाणी या हिशेबात धरलेलं नसतं. जगाची सरासरी काढली तर एक किलो मक्यामागे साधारण बाराशे लिटर पाणी जातं, त्यातलं बरंचसं पावसाचं. ते पाणी दुसऱ्या जिल्ह्यात पडलं, तुमच्या टँकरमधून गेलं नाही, हे टंचाईतल्या गावासाठी महत्त्वाचं आहेच.

बुरशी, ज्याच्याबद्दल रील बोलत नाही

बंद खोली, ओलावा, उकाडा आणि फुटलेले दाणे. बुरशीला आणखी काय हवं? मे महिन्यात शिरूर-दौंडचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा ट्रेच्या तळाशी पांढरी-करडी जाळी धरायला दोन दिवस पुरतात. काही बुरशा अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात. गाईने ते खाल्लं की त्याचं रूपांतर होऊन काही भाग दुधात उतरतो आणि तो उकळूनही जात नाही. देशाच्या अन्नसुरक्षा नियमांत दुधातल्या या विषाची मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम आहे, यावरून ते किती जालीम आहे याचा अंदाज यावा. वास आलेला, चिकट झालेला ट्रे वरचं काढून खालचं देऊ असा विचार न करता सरळ उकिरड्यावर टाकायचा.

दुसरी चूक याहून वाईट. दुकानातून पेरणीचं बियाणं आणू नका. त्यावर लाल-गुलाबी रंगाचं बुरशीनाशक किंवा कीटकनाशक चोळलेलं असतं. ते जमिनीत टाकायला आहे, गाईच्या पोटात नाही. धान्य म्हणून विकला जाणारा, न फुटलेला, न किडलेला मका घ्यायचा आणि आधी शंभर दाणे भिजवून किती उगवतात ते मोजायचं. ऐंशीच्या खाली आले तर तो मका भरड्याला ठेवा, कारण न उगवलेला दाणाच ट्रेमध्ये आधी कुजतो.

आणि घरातली भाजी?

गच्चीवर किंवा खोलीत पीव्हीसी पाइपला भोकं पाडून पालक-लेट्यूस लावतात, ते खरंखुरं हायड्रोपोनिक्स. तिथं खताचं द्रावण पंपाने फिरत राहतं, त्याचा सामू साडेपाच ते साडेसहामध्ये ठेवायचा आणि ईसी, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप, पालेभाजीला साधारण १.२ ते १.८. इथं या दोन तालुक्यांची अडचण वेगळीच आहे. उसाच्या पट्ट्यात अनेक विहिरी-बोअरचं पाणी मचूळ. खत टाकण्याआधीच पाण्याचा ईसी १ च्या पुढे असेल तर झाडाला हव्या त्या क्षारांना जागाच उरत नाही. मग आरओ बसवायचा, आणि घरगुती आरओ एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर सोडून देतो. पाणी वाचवायला निघालेला माणूस गटारात पाणी सोडत बसतो. मुळा-मुठेचं पाणी तर पुण्याचं सांडपाणी पोटात घेऊन येतं, त्याचा विचारच नको. पत्र्यावरून धरलेलं पावसाचं पाणी यासाठी उत्तम, त्याचा ईसी जवळपास शून्य.

त्यात वीज. पाइपमधल्या मुळांना मातीचा साठा नसतो, त्यामुळे भर दुपारी पंप दोन-तीन तास बंद राहिला की रोपं माना टाकतात. द्रावण तिशीच्या वर तापलं तर त्यातला प्राणवायू घटतो आणि मुळं कुजतात. मातीवरच्या शेतात एक पाळी चुकली तर पीक सुकतं, इथं चार तास चुकले तर संपतं. कोकोपीटवर गुलाब-जरबेरा घेणारे मावळचे पॉलिहाऊसवाले हे रोज सांभाळतात, पण त्यांच्याकडे जनरेटर आहे आणि पुणे-मुंबईचं गिऱ्हाईकही आहे. शिरूरच्या आठवडे बाजारात लेट्यूसचा गड्डा ठेवून बघा, लोक कोबीचा भाव विचारतील.

पुण्यातल्या कंटेनरमध्ये फुलवलेल्या केशराच्या रीलबद्दलही बरेच जण विचारतात. केशराचा कंद अंधाऱ्या थंड खोलीत मातीविना फुलतो, हे खरं. पण तिथंही मटकीचाच न्याय. फूल कंदाच्या साठ्यावर येतं. पुढच्या वर्षी पुन्हा फुलायचं तर तो कंद माती किंवा द्रावण आणि भरपूर उजेड देऊन नव्याने पोसावा लागतो. ते कष्टाचे महिने रीलमध्ये नसतात.

मशीन घेण्याआधी

हे सगळं वाचून शेजाऱ्याशी वाद घालण्यापेक्षा घरीच मोजून बघता येतं, तेही शंभर-दोनशे रुपयांत. पाबळला, म्हणजे शिरूरच्या त्याच कोरड्या भागात, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हिंदुस्तान लिव्हरमधली संशोधनाची नोकरी सोडून ते इथं आले आणि शाळा सुटलेल्या मुलांना हाताने करून शिकवू लागले. वेल्डिंग करायचं, घुमट बांधायचा, जमिनीखालचं पाणी उपकरण लावून मोजायचं. त्या पठडीतला हा प्रयोग.

एक किलो मका वजन करून घ्या. त्यातली मूठभर, म्हणजे शंभर ग्रॅम, बाजूला काढून उन्हात कडक वाळवा आणि पुन्हा वजन करा. उरलेल्या नऊशे ग्रॅमचा दोन ट्रेमध्ये चारा करा. आठव्या दिवशी पाणी तासभर निथळू द्या, वजन लिहा. हा आकडा रीलमधल्या आकड्याशी ताडून बघा. मग अख्खा चारा मुळांसकट कापून गच्चीवर पसरा, कागदासारखा कुरकुरीत होईपर्यंत तीन-चार दिवस वाळवा आणि पुन्हा काट्यावर ठेवा. आठ दिवसांत किती वेळा पाणी मारायला उठलात, किती लिटर गेलं आणि किती ट्रेला वास आला, तेही शेजारी लिहा.

पाच गाईंना रोज दहा किलो द्यायचा तर दररोज साडेआठ किलो मका भिजवायचा, आठ दिवसांच्या आठ पाळ्या एका वेळी रॅकवर आणि एक माणूस सकाळ-संध्याकाळ त्यालाच बांधलेला. त्या कागदावरच्या आकड्यांना साडेनऊने गुणा. नारायणगाव आणि बारामती अशी दोन कृषी विज्ञान केंद्रं पुणे जिल्ह्यात आहेत. गुणाकार झाला की कागद घेऊन त्यातल्या जवळच्या केंद्रात जा, आणि त्याच फेरीत आपल्या बोअरच्या पाण्याची बाटली तपासायला द्या.